गैरहजरांची पाटी

माझं काम एका वाक्यात सांगायचं, तर रविवारी सकाळी लोकांना घरातून उठवून देवळात आणून बसवणं. ऐकायला सोपं वाटतं. सत्तावीस वर्षं केलं, तरी शेवटपर्यंत सोपं झालं नाही.

आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या प्रार्थनामंदिराला घरगुती बोलण्यात देऊळच म्हणतो. मंडळीचा प्रमुख तो पाळक. बाप्तिस्मा, लग्न, प्रभुभोजन, अंत्यविधी ही कामं त्याची. मंडळीतली तीन-चार वडीलधारी माणसं निवडून देतात, ते पंच. आणि खांद्याला कापडी पिशवी अडकवून दारोदार फिरणारी जी बाई असते, ती सेविका. मी सेविका होते. नाव रूथ, पण कर्जतपासून खोपोलीपर्यंत सगळे मला नुसतं 'बाई' म्हणत.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली होते आणि आवाज बरा होता, एवढ्या शिदोरीवर मला कर्जतला पाठवलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. कर्जतला आमची माणसं रेल्वेत होती, खोपोलीला गिरण्या-कारखान्यांत होती, आणि कुंभिवलीला हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करणारं एक घर होतं. सगळी मंडळी नगर-जालन्याकडून पोटामागे आलेली. गावाकडे रविवार म्हणजे रविवार असायचा. इथे रविवार म्हणजे कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी, आणि ज्याला सुट्टी त्याची झोप.

देऊळ कर्जतला, स्टेशनापासून थोडं आत. पूर्वी तिथे भाताची वखार होती. लांबट खोली, वर पत्रा, दाराला तीन दगडी पायऱ्या. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी बोल्ट आपटायचा. पाळकसाहेब महिन्यातून दोन रविवार कल्याणहून येत. मधल्या रविवारी पंच थोरात उपदेश करत. थोरात रेल्वेत पॉइंट्समन होते. गाड्यांचे सांधे बदलायचे, घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोराचं इंजिन जोडायचं, हे त्यांचं काम. माणूस शिस्तीचा. उपदेशही शिट्टी दिल्यासारखा करत.

घरभेटीचं तंत्र मला कुणी शिकवलं नाही, ते चुका करून आलं. दारात उभं राहून 'मागच्या रविवारी आला नाहीत' असं कधी म्हणायचं नाही. आधी आजाऱ्याची चौकशी करायची, मग पोरांच्या शाळेची. जिथे घरची बाई बसली असेल तिथेच, तिच्या शेजारी जमिनीवर बसायचं. चुलीवर दूध असेल तर प्रार्थना आटोपशीर करायची. खोपोलीत कागदाच्या गिरणीत भालेराव नावाचे एक गृहस्थ होते. मी दिसले की ते आतल्या खोलीत जात आणि त्यांची बायको सांगे, "ड्यूटीवर गेलेत." त्यांचे गिरणीतले बूट दारातच असत. मी त्या बुटांकडे बघून "माझा सलाम सांगा त्यांना" म्हणायचे आणि परत फिरायचे. दोन वर्षं हा खेळ चालला.

दुसरं तंत्र काम देण्याचं. नुसतं 'या' म्हटल्यावर माणूस येत नाही. 'सतरंजी तुम्ही घालायची' म्हटलं की येतो, कारण आपण नसलो तर सगळे फरशीवर बसतील हे त्याच्या मनाला लागून राहतं. पाणी भरायला एक, घंटा वाजवायला एक, गीतांची पुस्तकं वाटायला एक अशी मी कामं वाटून टाकली. लोंढ्यांची मार्था दर रविवारी गाण्याला नावं ठेवायची, चाल चुकली, सूर खाली गेला. तिला म्हटलं, पुढच्या रविवारपासून गीत तूच उचल. त्यानंतर ती एकही रविवार चुकली नाही, आणि गाणं वाईट असल्याचंही पुन्हा कधी म्हणाली नाही. मला या युक्त्यांचा अभिमान होता. थोडा जास्तच होता.

आता ताराबद्दल सांगायला हवं. तारा म्हणजे याकोब साळवेची बायको. याकोबही थोरातांसारखाच पॉइंट्समन, आमच्याच मंडळीतला, उंच, मितभाषी. तारा मात्र इकडचीच, कळंबच्या एका शेतकरी घरातली, हिंदू. दोघांनी मनानं लग्न केलं होतं. त्या वेळच्या पंचांनी ठरवलं की बायको बाप्तिस्मा घेईपर्यंत याकोबला प्रभुभोजनाला बसू द्यायचं नाही. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घेण्याचा विधी. त्यातून वगळणं म्हणजे पंगतीतून उठवल्यासारखं. हे सगळं मी येण्याआधीचं.

मी आले तेव्हापासून पाहत होते, याकोब उपासनेला येत नसे. तारा मात्र दर रविवारी यायची. आत येत नसे. वरच्या पायरीवर, चौकटीला पाठ लावून बसायची. पहिल्यांदा मी तिला म्हटलं, "आत ये गं, जागा आहे."

ती म्हणाली, "नको बाई. मी अजून आतली नाय. हितं बरं ऐकू येतं."

मी आग्रह केला नाही. मनातून मात्र सुखावले. एक हिंदू बाई आपल्या दाराशी आली, आज ना उद्या आत येईल. आणि नवऱ्याची कीव केली. ख्रिस्ती घरात जन्मून घरी लोळत पडतो आणि बायकोला पाठवतो, असं मी त्याच्याबद्दल मनाशी ठरवून टाकलं. त्यांच्या घरी मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा तो कामावर होता. तिसऱ्यांदा गेले नाही. ते माझ्या तंत्रात बसत नव्हतं, तरीही गेले नाही.

एका वर्षी नाताळानंतर पुण्याहून वरिष्ठ पाहणीला आले. सभासदांच्या यादीत नावं भरपूर आणि सतरंजीवर माणसं थोडी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. चहा घेताना ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही फिरता पुष्कळ, पण फळ दिसत नाही." माझ्या फार जिव्हारी लागलं. पुढचे चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग मला एक कल्पना सुचली. एक काळी पाटी घेतली, खडूनं वर लिहिलं 'गैरहजर', आणि खाली जे येत नाहीत त्यांची नावं. नावापुढे प्रत्येक चुकलेल्या रविवारची एक रेघ. पाटी दाराच्या आत, सगळ्यांना दिसेल अशी टांगली. नावं लिहिताना थोरात माझ्या शेजारी उभे राहून सांगत होते. पहिलं नाव कुणाचं, म्हणून मी विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिहा, याकोब साळवे."

पाटीचा गुण आला, हेही खरं सांगितलं पाहिजे. लाजेनं का होईना, माणसं यायला लागली. दोन महिन्यांत सतरंजी अपुरी पडली, दुसरी मागवावी लागली. वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र आलं. ते मी पिशवीत घालून हिंडत होते.

एका रविवारी उपासना सुटली, लोक पांगले. मी पुस्तकं गोळा करत होते. तारा पायरीवरून उठून दारात उभी होती, पाटीकडे बघत. तिला वाचता येत नव्हतं.

"बाई, त्या पाटीवर काय लिवलंय?"

"नावं आहेत गं. जे येत नाहीत त्यांची."

"ह्यांचं हाय?"

"आहे."

"कंचं?"

मी बोट ठेवून दाखवलं. ती ते नाव बघत राहिली.

"आनी ह्या रेघा?"

"जितके रविवार आला नाही, तितक्या रेघा."

तिनं सावकाश सगळ्या रेघांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "एवढेच रईवार मी आले. ते कुटं लिवलंय?"

मी म्हटलं, "तू सभासद नाहीस ना, तारा."

तिनं चपला घातल्या, पदर सारखा केला आणि निघून गेली. मी पुस्तकं कपाटात ठेवली. तेव्हा मला काही बोचलं नाही, हे आज लिहिताना जास्त बोचतं.

पुढच्या रविवारी पायरी रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, नवऱ्याला रागावली असेल, पाटीचा बाण बरोबर लागला. तिसऱ्या रविवारी मात्र मी उपदेशात लक्ष देऊ शकले नाही. दर वेळी नजर दाराकडे जायची आणि तिथून नुसतं ऊन आत आलेलं दिसायचं. मी बुधवारी त्यांच्या चाळीत गेले.

मला आश्चर्य वाटलं, कारण याकोब घरीच होता. ओट्यावर बसून बाजेचा सुंभ आवळत होता. मला पाहून उठला, हात जोडले. "सलाम, बाई. या. बसा."

"आज सुट्टी?"

"होय. बुधवारची असते."

तारा आत चुलीपाशी होती. तिनं मान वर केली, पण बाहेर आली नाही. मी माझ्या सवयीनं आत जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले. "तीन रविवार आली नाहीस. बरं नव्हतं का गं?" म्हणून विचारलं.

"बरी हाय."

"मग?"

ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "बाई, ह्यांची सुट्टी आधी रईवारची होती. ठाव हाय तुमाला?"

बाहेरून याकोब म्हणाला, "तारे, गप गं."

"का गप? त्या पाटीवर ह्यांचं नाव हाय, आनी ज्यांच्यापायी हाय ते पंच आत बसून उपदेश करतेत. मी तीन रईवार गप बसले. आता नाय."

मग तिनं सांगितलं, आणि मधूनमधून मी विचारलं तेव्हा याकोबनं नाइलाजानं होकार दिला. कर्जतला आमच्या मंडळीतले पॉइंट्समन तीन. याकोब, थोरात आणि मार्थाचा नवरा लोंढे. नोकरीत याकोब जुना, म्हणून रविवारची सुट्टी त्याच्या वाट्याला आलेली. बाकी दोघांना आळीपाळीनं रविवारी कामावर जावं लागे. पंचांनी भोजनाला बसायची मनाई केली त्यानंतर याकोब थोरातांकडे गेला आणि म्हणाला, एक रविवार तुमची ड्यूटी मी करतो, एक रविवार लोंढ्याची. बदल्यात माझी बुधवारची तुम्ही आळीपाळीनं करा. स्टेशन मास्तरांची हरकत नव्हती. तेव्हापासून सहा वर्षं तो दर रविवारी रुळांवर होता. ते दोघे देवळात. थोरात पंच झाले, उपदेश करू लागले, ते त्या रविवारांच्या जोरावर.

मी बाहेर ओट्यावर आले. विचारलं, "का केलंत असं?"

याकोबनं सुंभ बाजूला ठेवला. "मला तिथं बसून भोजनाच्या वेळी उठून बाहेर यावं लागायचं. ते मला जमेना. हिला सोडून मी घरीसुद्धा एकटा जेवत नाही, बाई. म्हटलं, माझी जागा रिकामी राहणार, तर दुसरा कुणीतरी तिथं बसू दे. आणि थोरातांना म्हटलं, कुणापाशी बोलू नका. उगाच त्याचं मोठेपण नको."

"आणि उपदेश? उपासना? त्याचं काय?"

त्यानं आत बघितलं. "ही सांगते की. मी कामावरून आलो की जेवताना सगळा उपदेश सांगते. कोणतं गीत झालं, पाळक काय म्हणाले, सगळं. तिला वाचता येत नाही, म्हणून सगळं ध्यानात ठेवते."

मग मला कळलं की वरच्या पायरीवर ती बाई दोघांच्या वाटचं ऐकत बसत होती. आणि माझ्या पाटीनं तिला तिथून उठवल्यापासून याकोबच्या घरी तीन रविवार उपासना झाली नव्हती.

मी म्हटलं, "याकोब, माझं चुकलं."

तो म्हणाला, "पाटीमुळं माणसं वाढली म्हणतात. वाढली असतील तर राहू द्या."

तो हे मनापासून म्हणाला. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथून थेट देवळात गेले. पाटी उतरवली, ओल्या फडक्यानं पुसली. पहिलं नाव जायला वेळ लागला, कारण त्याच्यापुढे रेघा सगळ्यांत जास्त होत्या. मग संध्याकाळी थोरातांच्या घरी गेले. ते पोथी वाचावी तसे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी पाटी काढल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "वरिष्ठांना काय सांगणार? चांगलं चाललं होतं."

मी विचारलं, "रविवारची ड्यूटी कोण करतं तुमची?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. बराच वेळ ती घडी नीट करत राहिले. "त्यानंच सांगितलं होतं, बोलू नका."

"बोलू नका म्हणाला होता. नाव लिहा असं नव्हता म्हणाला. मी नाव विचारलं तेव्हा तुम्ही थांबला होतात."

"थांबलो होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, त्याला काय फरक पडणार. तो येत नाही हे खरंच आहे. पहिल्या वर्षी मला दर रविवारी त्याची आठवण व्हायची, बाई. मग सवय झाली. आता तर मला वाटायला लागलं होतं, रविवारची सुट्टी माझीच आहे."

थोरातांवर रागवायला गेले होते, पण तशीच उठून घरी आले. मलाही सवयच झाली होती, त्या पायरीवरच्या बाईची.

त्या रविवारी पाळक नव्हते. थोरात उपदेशाला उभे राहिले. पुस्तक उघडलं, चष्मा लावला, मग चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "आज मी शिकवणार नाही. कबूल करणार आहे." आणि सहा वर्षांची सगळी गोष्ट सरळ सांगितली. आपलं नाव कुठेही झाकलं नाही. लोंढे तेव्हा सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मार्थानं गीत उचलायचं होतं, तिच्याकडून ते उचललं गेलं नाही. शेवटी थोरात म्हणाले, "पुढच्या रविवारी मी उपासनेला नाही. कामावर आहे. त्याच्या पुढच्या रविवारी लोंढे कामावर आहेत." आणि खाली बसले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशांतला मला तो एकच अजून आठवतो.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब कल्याणहून आले होते. त्यांच्या कानावर मी सगळं घातलं होतं. घंटा झाली, आणि याकोब इस्त्रीचा सदरा घालून ताराबरोबर फाटकातून आला. आत सगळे दाराकडे बघत होते. कुणीतरी पुढची जागा मोकळी केली. तारा वरच्या पायरीवर तिच्या जागी बसली, चौकटीला पाठ लावून. याकोब आत येईल म्हणून मी पुस्तक घेऊन उभी होते. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

पूर्वीची मी असते तर हाताला धरून आत नेलं असतं. मी गेले, पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि परत येऊन माझ्या जागी बसले.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब बाहेर येऊन त्याला म्हणाले, "तुमच्यावरची मनाई मी उठवतो. पुढच्या वेळी भोजनाला बसा." याकोबनं त्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "दोघांचं होईल तेव्हा बसू, साहेब." मग निघताना मी हळूच विचारलं, इतक्या वर्षांनी उपदेश ऐकून कसं वाटलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "चांगला होता. पण ही सांगते तसा नाही लागला."

त्या बोलण्यानं माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. मी ताराला म्हटलं, "तू याकोबला सांगायचीस तसं दुसऱ्यांना सांगशील का? जे आजारी आहेत, बाळंतीण आहेत, ज्यांची पाळी रविवारची आहे?"

"मला येतं का तेवढं?" ती म्हणाली. "मी आपलं माझ्या बोलीत सांगते."

"त्याच बोलीत सांग."

मग दर सोमवारी मी आणि तारा शटलनं, कर्जत-खोपोलीच्या छोट्या गाडीनं, खोपोलीला जायला लागलो. ती घरात बसून रविवारचा उपदेश सांगायची. पाळकांच्या उपदेशातला शेतकरी तिच्या तोंडून कळंबचा व्हायचा. त्याचा बैल आजारी पडायचा, त्याची सासू कटकट करायची. बायका हातातलं काम थांबवायच्या. एकदा आम्ही भालेरावांच्या घरी होतो. बूट दारात, भालेराव आतल्या खोलीत, म्हणजे 'ड्यूटीवर'. तारा गोष्ट सांगत रंगात आली आणि मध्येच थांबून म्हणाली, "चला बाई, शटलची येळ झाली."

आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, मग त्याचं पुढं काय झालं?"

भालेरावांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. ताराच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती दाराकडे तोंड करून म्हणाली, "फुडचं रईवारी, भाऊ. कर्जतला." पुढच्या रविवारी भालेराव कर्जतला आले. संकोचलेले, नवे बूट घातलेले. मी त्यांना लगेच पाण्याचं काम दिलं.

अशी आठ-दहा वर्षं गेली. माझ्या अहवालात दोन रकाने असत. सभासद किती, हजर किती. ताराचं नाव मी कुठल्याच रकान्यात घालू शकले नाही. तिनं बाप्तिस्मा घेतला का, असं मला लोक अजून विचारतात. नाही घेतला. एकदाच मी विषय काढला होता. ती म्हणाली, "माझ्या आयच्या देवीला दिवा लावायला आता मीच उरले, बाई. भाऊ मुंबईला गेला, तो काय लावत नाय. मी पण सोडली तर ती अंधारात बसंल." मी पुन्हा विचारलं नाही. सेविका म्हणून मी तिथे कमी पडले का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. याकोब शेवटपर्यंत भोजनाला बसला नाही, याची मात्र खंत आहे. पाळक बदलले, पंच बदलले. कुणाला तरी यातून वाट काढता आली असती. मी जोर लावायला हवा होता.

याकोब निवृत्त झाल्यावर ते दोघे कळंबला ताराच्या माहेरच्या जमिनीत घर बांधून राहिले. रविवारी एसटीनं कर्जतला यायचे. थोरातही निवृत्त झाले होते. याकोब दिसला की थोरात काठी टेकत पायरीपर्यंत जाऊन त्याला सलाम करायचे, मगच आत यायचे. याकोब एका हिवाळ्यात झोपेतच गेला. त्यानंतर तारा एकटी यायची.

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ओल्या ओट्यावर घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. दोन महिने खाटेवर. पहिला रविवार मला फार जड गेला. रुळाच्या तुकड्यावरचे ठोके मला माझ्या खोलीत ऐकू येत होते. नवी सेविका तरुण होती, कामसू होती, पण तिची खोपोलीचीच घरं उरकत नव्हती. माझ्याकडे कोण येणार, असं मनाशी म्हणत मी पडून होते. दुपारी दार ढकलून तारा आत आली. पाय धुतले, खाटेजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "हं. आज पैलं गीत मार्थाबाईनी चुकीच्या सुरात घेतलं."

मग दर रविवारी ती आली. उपासना झाली की माझ्याकडे, आणि मग शेवटच्या एसटीनं कळंबला. मी डोळे मिटून ऐकायचे. माझ्याच युक्तीचं औषध मला मिळत होतं, आणि ते कडू नव्हतं.

जुलैमधल्या एका रविवारी पावसानं कहर केला होता. तारा निथळतच आली. डोकं पुसलं आणि सांगायला लागली. त्या दिवशीचा उपदेश भाताच्या लावणीवर होता. "रोप राबात चांगलं हिरवंगार असतं, बाई. मग आपन त्याला मुळासकट उपटतो. त्याला काय कळतंय का उपटलं? नेऊन चिखलात दुसऱ्या जागी खोचतो. दोन-तीन दिवस ते मान टाकतं. पिवळं पडतं. नवा मानूस बघंल तर म्हनंल, मेलं. पन आमी घाबरत नाय. आमाला ठाव असतं, ते खाली मूळ धरतंय. वरनं दिसत नाय एवढंच. देव बी तसाच बांधावर उभा राहून बघतो म्हने. घाबरत नाय." थोडं थांबून ती म्हणाली, "झालं. एवढंच होतं आज." मग माझी चादर सारखी करून गेली.

मी रडले. नवरा गेला तेव्हापासून, नगर सोडून इथे आले तेव्हापासून जे आत साठलं होतं, त्याला कुणीतरी नाव दिल्यासारखं वाटलं. आताचे पाळकसाहेब मराठवाड्यातले, कोरडवाहू मुलखातले. त्यांना लावणीचं इतकं बारीक कसं ठाऊक, याचं मला नवल वाटत राहिलं.

दोन दिवसांनी ते मला भेटायला आले. मी म्हटलं, "रविवारचा उपदेश फार चांगला झाला, साहेब. ताराकडून ऐकला."

ते गोंधळले. "या रविवारचा? बाई, या रविवारी मी आलोच नाही. बदलापूरच्या पुढे रुळांवर पाणी होतं, गाड्या बंद होत्या. लोंढ्यांनी दोन गीतं घेतली, प्रार्थना केली आणि मंडळी घरी सोडली. उपदेश झालाच नाही."

मी त्यांना चहा घ्यायला सांगितलं.

पुढच्या रविवारी तारा आली, पाय धुतले, जमिनीवर बसली. मी तिला काहीच विचारलं नाही. डोळे मिटले आणि म्हटलं, "सांग."